पाठ तेवढी ठेव

माईकच्या तोंडावरची काळी स्पंजची टोपी – लिंबाएवढी, एका बाजूला कुणाच्या तरी नखानं टोकरलेली – मुठीत आवळली की सुपारीएवढी व्हायची आणि मूठ सैल केली की हळूहळू, कसलीही घाई न करता, परत आपली लिंबाएवढी. कुणी न सांगता. सकाळपासून तिचा हाच उद्योग चालला होता. आवळायची, सोडायची, बघायची. टोपी फुगत असताना ती तिच्याकडे अशी टक लावून पाही, की जणू आज ना उद्या ही फुगायची विसरणार आणि विसरली की आपल्यालाच धावत जाऊन...

घे, विसरलीस. श्वास घे.

तिनं घेतला. हल्ली तो हातानंच घ्यावा लागे. अकरा दिवस झाले होते. खोल विहिरीतून भरली बादली ओढावी तसा आत ओढायचा, काठावर टेकवायचा, मग रिकामी बादली खाली सोडायची – आणि सोडताना दर वेळी तीच भीती, की या खेपेला दोर हातातून सुटला तर? तर काय, काहीच नाही, बादली तळाशी पडून राहील आणि वर काठावर एक बाई, चपला घातलेली, हातात स्पंजची टोपी... मोजलंही होतं तिनं, मिनिटाला अठरा. बोलताना चुकायचे. जेवताना तर घास आणि श्वास दाराशी एकाच वेळी येत आणि ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत अडून बसत. झोपेचं तर विचारूच नका. झोपायचं म्हणजे दोर सोडूनच द्यायचा.

डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली होती. “फुप्फुसं घोड्यासारखी आहेत तुमची.”

“मग घोड्याला सांगा ना आपण होऊन चालायला,” ती म्हणाली होती. “मला उतरता येत नाहीये.”

डॉक्टर हसले होते आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या तशाच ड्रॉवरमध्ये पडून होत्या. झोपेत श्वास कोण घेणार, ते काही त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

कचेरीत तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे कात्री. आणि तिला ते ठाऊक होतं, आवडतही होतं. कचेरी शांतता विकायची – मोबाइलवर. माणसं येत, गादी लावलेल्या भिंतींच्या खोलीत बसून बोलत – मन कसं आवरावं, राग कुठं ठेवावा, झोप कशी बोलवावी – आणि ती गेली की कात्री त्यांच्या बोलण्यातला कचरा काढी. खाकरणं, लाळेची चिटचिट, खुर्चीचं कुरकुरणं, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे श्वास. पडद्यावर शब्द डोंगरासारखे उभे राहतात आणि दर डोंगराच्या पायथ्याशी गवताचा एक पुंजका दिसतो, तोच श्वास. एक बोट इथं, एक तिथं, कच्. सव्वीस वर्षांत तिनं इतके श्वास छाटले होते, की ते सगळे एका पोत्यात भरले असते तर पोतं गावावर तीन दिवस तरंगत राहिलं असतं आणि चौथ्या दिवशी एखाद्या स्मशानावर फुटून चार मेलेली माणसं उठून बसली असती, चहा मागत. असं ती स्वतःच सांगायची पूर्वी, हसत हसत. आता ते पोतं आठवलं की...

घे.

“ताई!” दार उघडून शांतीशेठ आत आला. तिशीतला मालक, हे नावही तिनंच ठेवलेलं. विकतो शांती आणि स्वतःचा डावा गुडघा उभ्या आयुष्यात एकदाही थांबलेला नाही. उभा असला तरी हलतो. “मामा आज येतायत ना? चारला? अहो, फोटो काढू या त्यांच्याबरोबर. आठ मिनिटांत मनःशांती – आपलं सगळ्यात चाललेलं आहे हे. चाळीस हजार लोकांनी ऐकलं, ताई!”

“ते चाळीस मिनिटांचं होतं,” ती म्हणाली.

“तेच तर! चाळीसचं आठ केलंत तुम्ही. आहे का कुणाकडे चाळीस मिनिटं? माझ्याकडे नाहीत बुवा.” तो वळला, परत वळला. “बरं वाटत नाहीये का? चेहरा असा का?”

“श्वास घेतेय.”

“हां, घ्या घ्या,” तो म्हणाला आणि गेला.

घड्याळात अकरा वाजले होते. चारला अजून पाच तास. मिनिटाला अठरा. तिनं गुणाकार केला नाही.

आता मामाचं सांगायला हवं. मामा म्हणजे आईचा भाऊ. आई लवकर गेल्यावर त्यानंच हिला वाढवलं, एका खोलीत आणि एका दुकानात. दुकान घड्याळं दुरुस्तीचं, जेमतेम पलंगाएवढं; भिंतभर घड्याळं आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नसे. मामा स्वतः मनगटाला घड्याळ बांधत नसे. ‘हलवायानं मिठाई खाऊ नये’ म्हणायचा. आणि त्याला एक गोष्ट येत होती, जी त्याला एका म्हाताऱ्या शिंप्याकडून मिळाली होती, शिंप्याला एका नावाड्याकडून, नावाड्याला आणखी कुणाकडून. असे मागे मागे जात राहिलो तर म्हणे अशा एका माणसापाशी पोचतो, ज्याला ती कुणीच दिली नव्हती. तो नुसता झाडाला टेकून बसला होता. त्यांच्यात मंत्र नाही, माळ नाही, कानात काही सांगणं नाही. गुरूनं बसायचं, शिष्यानं त्याच्या पाठीला पाठ लावून बसायचं. बस. रोज, चाळीस दिवस. मागच्याचा श्वास आपल्या पाठीतून कळू लागतो, मग आपला त्याला कळू लागतो, मग... पुढचं मामा सांगत नसे. “श्वास स्वतःच नाम घेतोय दिवसरात्र,” एवढंच म्हणायचा. “आपण फक्त मधे बोलायचं नाही.”

आणि याला त्यांच्यात ‘पाठ घेणं’ म्हणत. मामा ‘मी पाठ घेतली’ म्हणायचा आणि दुकानात आलेला एखादा मास्तर हटकून त्याची चूक काढायचा – “घेतला म्हणा हो, पाठ घेतला.”

“घेतलीच,” मामा डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचा. “तुमचा तो पाठ तोंडातनं येतो. आमची ती पाठ. मणक्यातनं येते.”

अकरा वर्षांची होती ती. एका दुपारी मामानं दुकानाचं दार लोटून घेतलं, दोन स्टुलं पाठीला पाठ लावून मांडली आणि म्हणाला, “बस.” ती बसली, खेळच वाटला तिला. त्याचा सदरा घामानं ओला होता, मणके टोचत होते. भिंतीवर घड्याळांचा गोंधळ. हळूहळू ती पाठ वर-खाली होतेय हे जाणवलं, तिला हसूही आलं; मग हसू थांबलं, मग घड्याळं थांबली – थांबली नव्हती, पण थांबली – आणि एकाएकी तिला कळेना की आत्ता जो आत गेला, तो कुणाचा? माझा, की त्याचा? मी घेतला? मी तर नाही घेतला... आणि पोटातून जे काही वर आलं ते इतकं थंड होतं की ती स्टूल पाडून, दार ढकलून, अनवाणी, रस्त्याच्या पार टोकापर्यंत पळाली. तिथं एका दुकानाच्या पायरीवर बसून मोठमोठ्यानं श्वास घेत राहिली – माझा, माझा, माझा.

त्या दिवसापासून मामा तिला ‘पळपुटी’ म्हणू लागला. रागानं नाही. पण दुसऱ्यांदा ‘बस’ कधी म्हणाला नाही. आणि दुसरं कुणी बसायला आलंही नाही. चाळीस दिवस कुणाला असतात?

मग दोन महिन्यांपूर्वी घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया ठरली. आवाज जाईल, डॉक्टर म्हणाले. त्याची पेटीच काढावी लागेल. ज्या दिवशी कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा इथं कचेरीत येऊन उभा. “तुझ्या त्या डब्यात मला बसव,” म्हणाला. “माणूस येत नाही तर यंत्राला पाठ देतो. यंत्र निदान पळून तरी जाणार नाही.”

ती खाली मान घालून हसली होती.

त्यानं स्टूल उलटं फिरवलं आणि माईककडे पाठ करून बसला. काचेच्या अलीकडून तिनं हातवारे केले, बटण दाबून सांगितलं, “मामा, माईक मागे आहे.” तो म्हणाला, “ठाऊक आहे.” तिला वाटलं, वय झालं. चाळीस मिनिटं. त्यात वाक्यं बारा. ‘टेकून बसा.’ मग तीन मिनिटं काही नाही. ‘काही करू नका.’ मग पुन्हा काही नाही. बाहेर येताना त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या खरखरीत, आता मोजून दिवस उरलेल्या आवाजात म्हणाला, “पाठ तेवढी ठेव. बाकी कापलंस तरी चालेल.”

पाठ तेवढी ठेव.

आणि तिनं – उभा जन्म ज्या घरात काढला त्या घरातला शब्द – तो ऐकला मास्तरांसारखा. मनातल्या मनात ‘तेवढी’चं ‘तेवढा’ केलं, म्हाताऱ्याची जुनी चूक दुरुस्त केली, आणि तेवढा पाठ ठेवला. बारा वाक्यं. स्वच्छ, एकाही वाक्यावर धूळ नाही. बाकी बत्तीस मिनिटं, एकेक पुंजका, कच्. मधे उरलेल्या जागी यंत्रातली शांतता भरली, तीही मोजून. कधी नव्हे इतकं सुंदर काम झालं होतं. मी नुसती साफसफाई केली, मला तेच तर येतं... कापलेलं कचऱ्यात गेलं. कचरा तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो. तो झाला.

हे तिला कळलं मामा इस्पितळात असताना, एका संध्याकाळी, ऐकणाऱ्यांचे अभिप्राय वाचताना. ‘छान, झोप लागली.’ ‘आवाज फार प्रेमळ.’ आणि मग एक – ‘दर वाक्यानंतर वाटतं, काका गेले.’

तिनं हेडफोन लावले. ‘काही करू नका,’ मामा म्हणाला आणि पुढं... खोली रिकामी असते तशी नव्हे ती शांतता. रिकाम्या खोलीलाही एक गुणगुण असते. ही त्याच्याही पलीकडची, आत कुणी कधीच नव्हतं अशी. मग त्यातून पुन्हा मामाचा आवाज, मजेत, जिवंत. आणि पुन्हा तो गेलेला. आठ मिनिटांत मामा बारा वेळा मेला. आणि बाराव्या वेळी, हेडफोन कानावर असतानाच, तिला ते ‘तेवढी’ ऐकू आलं. एवढासा ईकार. आणि त्याच क्षणी तिचा स्वतःचा श्वास... आतापर्यंत आपला आपण येत-जात होता, घरातल्या मांजरासारखा, कुणी लक्ष न देता. तो जागच्या जागी थांबला, वळून तिच्याकडे पाहू लागला. म्हणाला जणू, आता तूच बघ.

घे.

मिनिटाला अठरा. वीस झाले होते. घड्याळात पावणेचार.

मामा आला तो एकटाच, रिक्षा करून. गळ्याशी पांढरा रुमाल. त्याखाली ते भोक, ज्यातून आता त्याचा श्वास थेट आत-बाहेर करायचा, नाकातोंडाची पंचाईत न ठेवता – शीऽऽ... फूऽऽ... गळ्यात दोरीनं पोरांची पाटी, जिच्यावर लिहून खालची पट्टी सरकवली की पुसतं. शांतीशेठ धावत आला, वाकला, फोटो काढला, गुडघा हलवत म्हणाला, “मामा, चाळीस हजार शिष्य झाले तुमचे!”

मामानं पाटीवर लिहिलं – ‘बसले किती?’

“अं?” शेठनं वाचलं आणि हसून, घाम पुसत, कुठलासा फोन घ्यायला निघून गेला.

गादीच्या भिंतींच्या त्या खोलीत ती दोघं. तिला वाटत होतं की सांगून टाकावं, आधीच, ऐकायच्या आत. पण बोलायला श्वास लागतो आणि बादली अर्ध्यातच अडकली होती. मामानं स्वतःच हेडफोन उचलून कानाला लावले आणि बोटानं खूण केली – लाव.

आठ मिनिटं. ती त्याचा चेहरा बघत होती. भिंग लावून एखादं घड्याळ उघडलं की व्हायचा तसा तो चेहरा – डावा डोळा किंचित बारीक. तिला ऐकू येत होता तो फक्त रुमालाआडचा नवा आवाज. शीऽऽ... फूऽऽ... मधेच एकदा तो थांबला. आता कानात ‘काही करू नका’नंतरचं ते आलं असणार. मामाचा डोळा उघडला. रुमाल हलेना. एक, दोन, तीन – ती खुर्चीतून अर्धवट उठली – शीऽऽ.

संपलं. त्यानं हेडफोन काढले, नीट गुंडाळून ठेवले. पाटी घेतली. लिहायला बराच वेळ लावला.

‘केस चकचकीत केलीस. काच नवी. आतलं यंत्र कुठाय?’

“कापलं,” ती म्हणाली. “मामा, मी... तू ‘तेवढी’ म्हणालास. मी ‘तेवढा’ ऐकलं.”

सर्रकन पाटी पुसली. ‘किती?’

“सगळे. बत्तीस मिनिटं. परत नाही मिळत, मी शोधलं, सगळीकडे शोधलं, ते नाहीच आहे कुठं आता, आणि आता तुझा... आता तो श्वासच नाही ना राहिला, तो नाकातला...” आणि मग सगळं दाराशी एकदम आलं, रडणं, बोलणं आणि हवा, आणि कुणीच आत येईना. ती तोंड उघडं टाकून बसली. हाताखालचं टेबल दूर गेलं. दोर सुटला, हा सुटला... “मामा, माझा श्वास – मला घ्यावा लागतोय – अकरा दिवस – मी सोडला तर...”

मामाचे खांदे हलत होते. तिला आधी वाटलं, त्याला काही होतंय. मग दिसलं, तो हसत होता. आवाज नसलेलं हसू, रुमाल फडफडत. त्यानं पाटीवर भराभर लिहिलं आणि तिच्या नाकासमोर धरलं –

‘पळपुटे, इतकी वर्षं काय तूच घेत होतीस?’

तो उठला. तिची चाकांची खुर्ची सोडून माईकजवळचं लाकडी स्टूल त्यानं ओढलं, दुसरं त्याला खेटून लावलं, आणि एकावर तिच्याकडे पाठ करून बसला. ‘बस’ म्हणायला आवाज नव्हता. पाटीही मांडीवर उलटी पडली होती.

तिचा हात सवयीनं माईककडे गेला. ध्वनिमुद्रण चालू करावं, निदान हे तरी... मामानं मागे न बघता हात मागं करून तिचं मनगट धरलं. सोडलं. बास.

आता दार होतं. दार तीन पावलांवर होतं आणि लोटलेलं होतं, आणि पायांना ते कधीच विसरता आलं नव्हतं, त्या दाराबाहेरचा रस्ता, त्या टोकाची पायरी. ती थंड गोष्ट पोटातून वर सरकू लागली होती. तीच ती, इतक्या वर्षांत एका अंशानंही कोमट झालेली नव्हती. ती बसली. पाय दाराकडे ठेवूनच बसली, तिरपी, म्हणजे लागलंच तर...

मणके टोचले. आता जास्तच, मामा वाळला होता. पाठ वर आली, खाली गेली. शीऽऽ. फूऽऽ. घाणेरडा आवाज, ओला, शिट्टीसारखा. तिचं बोट मांडीवर आपोआप सरकलं, एक इथं, एक तिथं... तिनं बोट मुठीत आवळलं. मुठीत ती स्पंजची टोपी होती, केव्हा घेतली कुणास ठाऊक. शीऽऽ. फूऽऽ. मग मधली जागा. ती फार लांब होती. तिथं काहीच नव्हतं, यंत्रातल्या शांततेइतकंच काही नव्हतं, आणि तिनं स्वतःचं सगळं आयुष्य कानात गोळा करून वाट पाहिली, की येतो की नाही, मामाचा पुढचा येतो की नाही, ये, ये ना रे... शीऽऽ. आला. फूऽऽ. पुन्हा ती जागा. पुन्हा वाट. पुन्हा आला. बाहेर शेठ कुणाला तरी ओरडत होता. पुन्हा ती जागा.

किती वेळ झाला असेल? घड्याळ मागच्या भिंतीवर होतं.

आणि मग एकदम, पाय चुकावा तसं, तिच्या लक्षात आलं – मी घेतला नाही. केव्हापासून? मी मामाचे मोजत होते, माझे... मी एकही घेतला नाही. बादली नाही, दोर नाही, काहीच नाही. आणि तरी छाती वर येत होती. तिच्या पाठीखाली, किंवा त्याच्या, ते सांगता येत नव्हतं, काहीतरी आत जात होतं आणि बाहेर येत होतं, घाई न करता, तिला न विचारता. अकरा दिवस वाटत होतं, मी थांबले की हे थांबेल. मी तर थांबले आहे.

भीती गेली नाही. उलट मोठी झाली, खोलीएवढी. पण आजवर ती समोर होती, आता तिला तोंडच नव्हतं. मग घेत कोण होतं? मग, इतका वेळ...

पाय दाराकडेच होते. मूठ मात्र सैल पडली होती, आणि तिच्यात ती टोपी हळूहळू, कुणी न सांगता, फुगत होती.